खाली सोड

“मोठं गटार भरलंय, ताई. जादा पाणी वरच्या आळीत सोडू की खालच्या?” पावसाळी गटारावरच्या बोलक्या झडपेचा तो मऊ आवाज. कितीतरी वर्षं झाली, तरी घरी गौरी बसल्या की तो वरच्या आळीतल्या कुमुदबाईंच्या कानात वाजे. खालच्या आळीत पाणी शिरलं त्या पावसाळ्यात झडपेला उत्तर द्यायची पाळी त्यांची होती.

आज खालच्या आळीतली सुगंधा हळदीकुंकवाला आली. सजलेल्या गौरींकडे बघत म्हणाली, “माझ्या सासूबाईंचे मुखवटे त्या पाण्यात वाहून गेले, वहिनी. मेल्या यंत्राला काय कळतंय, कुणाच्या घरी माहेरवाशिणी आल्यात ते! तुम्ही मात्र आम्हाला घरात घेतलंत, जेवू घातलंत. सख्खी बहीण तरी करेल का एवढं?”

कुंकू लावून घेऊन ती पाया पडायला वाकली. कुमुदबाईंनी पाय मागे घेतले.

“नको गं, वाकू नकोस,” त्या म्हणाल्या. “यंत्रानं मला विचारलं होतं. माझ्या गौरी बसल्या होत्या, सुगंधा. तुझ्याही बसल्यात हे ठाऊक असून मीच म्हटलं, खाली सोड.”