निरोपाचा विडा

"दसऱ्याआधी आमची फौज हलायची नाही, पंत," शेजारचे राजे म्हणाले, आणि विड्यांचं तबक त्यांनी जवळ ओढलं.

चिंतोपंतांची नजर त्या तबकावर खिळली. निरोपाचा विडा हातात पडला की दरबारातलं बोलणं संपलं, हा रिवाज. आणि तिकडे वेढ्यात अडकलेल्या त्यांच्या गडावर माणसं टाक्यातला गाळ फडक्यातून पिळून पीत होती.

खंडणी देऊ करून झाली, घाटाची जकात झाली, दोन परगणे झाले. राजे नुसते ऐकून घेत होते. शेवटी पंतांनी धन्याला न विचारताच बोलून टाकलं, "गड तुम्हीच ठेवून घ्या. फक्त फौज पाठवा, आतली माणसं वाचवा."

राजांना त्यांची दया आली असावी. "गड आम्हाला मिळणारच आहे, पंत," ते हळू आवाजात म्हणाले. "तुमच्या शत्रूने तो परवाच देऊ केला. आम्ही नुसतं घरी बसायचं."

त्यांनी विडा उचलून पुढे धरला.

पंतांनी दोन्ही हात शेल्याखाली लपवले. "आपलं बोलणं अजून व्हायचंय, राजे," ते म्हणाले, आणि देण्यासारखं आणखी काय उरलंय ते आठवू लागले.