दाराबाहेरचं वाम्पस

आमच्या केंटकीच्या डोंगरात तेव्हा वाम्पस फिरायचं. ते रानमांजर ओळखीच्या माणसाचा हुबेहूब आवाज काढतं, असं सगळे सांगायचे. त्या पगाराच्या शनिवारी कोळशाची खाण सुटल्याचा भोंगा झाला आणि अंधार पडताच आईने दार लावून मला पलंगाखाली ढकललं.

“ऑर्लीना, उघड! नाहीतर नरडंच दाबतो तुझं!”

“आई, बाबा आलेत गं!”

“गप्प, डेल्फी. वाम्पस आहे ते.”

दारावर लाथा बसल्या. बिजागरी निखळायला आली. आई दाराला पाठ लावून उभी राहिली.

सकाळी बाबा ओसरीवर बसले होते. अंगाला दारूचा वास होता. मान खाली घालूनच त्यांनी विचारलं, “काल आलं होतं का गं ते?”

“आलं होतं. मी उघडलं नाही.”

“बरं केलंस,” बाबा म्हणाले. “आज एक जाड अडसर तासून देतो.”