निळा उजेड

परळच्या प्रयोगशाळेत बसलेल्या अक्षताचा पाय टेबलाखाली सारखा हलत होता. बाबांच्या दंडाच्या कातडीपासून तिने हृदयाच्या पेशी तयार केल्या होत्या. बाबा मागच्या महिन्यात गेले; पेशी मात्र सूक्ष्मदर्शकाखाली अजून धडधडत होत्या. निळा उजेड पडला की त्या आकसतील असा बदल तिने त्यांच्या जनुकांत केला होता. त्या मंदावल्या की तिचं सॉफ्टवेअर लगेच ओळखायचं आणि तो उजेड टाकायचं. मग त्या पुन्हा वेग धरायच्या. तरी तिला चैन नव्हतं. कॉम्प्युटर बंद पडला तर? वीज गेली तर?

लालबागहून तिचा डबा घेऊन आलेली आई बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिली.

"ह्यांच्याच ना गो ह्या? मग हा उजेड कशाला?"

"थांबू नयेत म्हणून. जरा सुस्तावल्या की उठवतो त्यांना."

"म्हणजे गिरणीचा भोंगाच की!" आईने डबा खाली ठेवला. "जन्मभर भोंग्यावर उठले गो ते. आता तरी कुणी उठवू नका."

अक्षताने कसाबसा उजेड बंद केला आणि डोळे घट्ट मिटले. शेवटी आईनेच तिला हलवलं.

"बघ तरी."

ठोके चालूच होते. बाबांच्या रविवारच्या सकाळसारखे, सावकाश.