कुलपातला आवाज

या, जरा पुढे सरकून बसा; एका आवाजाची गोष्ट सांगतो.

घशाचं ऑपरेशन झाल्यापासून केशवबुवा साठे गळ्यातल्या यंत्रातून बोलत, कीर्तनही त्यातूनच करत. आवाज त्यांचाच, जुन्या ध्वनिमुद्रणांवरून घडवलेला. आता यंत्र खरखरू लागलं होतं आणि ते बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती.

"नव्या यंत्रात घालायला या आवाजाची स्वतःपुरती एक प्रत काढायला कायद्याची ना नाही, बुवा," दुरुस्तीवाली रेवती म्हणाली. "पण आवाजाला कंपनीचं कुलूप आहे आणि ते तोडणं गुन्हा आहे. सांगा, गुपचूप तोडू का?"

"म्हणजे प्रसाद घ्या, पण डबा उघडू नका," बुवा हसले. "राहू दे, पोरी. चोरून आणलेल्या आवाजात देवाचं नाव कसं घेऊ?"

एकादशीला ऐन कीर्तनात यंत्र बंद पडलं. बुवांचे नुसते ओठ हलत राहिले. तेव्हा तीस वर्षं त्यांच्या मागे उभं राहून झील धरणाऱ्या यमुताईंनी पद उचललं. बुवा जिथे श्वासाला अडत, तिथेच त्याही अडल्या.

बुवांनी आपल्या चिपळ्या त्यांच्या हाती दिल्या, त्यांच्या झांजा घेतल्या आणि मागे जाऊन उभे राहिले.

कुठल्याही कीर्तनाला गेलात की तिथल्या बुवांच्या पाया पडालच. मागे उभ्या असलेल्या एखाद्या यमुताईंचीही आठवण ठेवा.