सगळं बंद

पहिला गडगडाट झाला तशी अर्लीथाने टीव्ही बंद केला, पंखा बंद केला, फ्रीजचा प्लग ओढून काढला आणि शेवटी आपला मोबाइलही बंद करून पिठाच्या डब्यामागे ठेवून दिला. आरशावर चादर टाकली. मग ती खुर्चीत हात मांडीवर घेऊन बसली. मिसिसिपीतल्या त्या गावात तिच्या आईने हेच केलं होतं आणि आईच्या आईनेही. आकाश गडगडतं तेव्हा देव आपलं काम करत असतो. माणसाने तेवढा वेळ गप्प बसावं, एवढंच.

"निदान फोन तरी चालू ठेव," तिचा नवरा क्लिव्हन म्हणाला. "पोरगी रस्त्यात आहे."

अर्लीथाने ओठांवर बोट ठेवलं.

"या घरात एक तर देव बोलतो, नाहीतर तू. माझी पाळी कधी यायची?"

एरवी ती हसली असती. आज तिला हसू आलं नाही. पोरगी म्हणजे केटुरा, त्यांची एकुलती एक. ती किनाऱ्यावर राहायची. चक्रीवादळ अजून समुद्रातच होतं, उद्या सकाळी किनाऱ्याला धडकणार होतं, पण दर बातमीला त्याचा जोर वाढत चालला होता. म्हणून केटुरा दुपारी बारालाच पाच वर्षांच्या लेकीला, नायाला, गाडीत घालून माहेरी निघाली होती. इतक्या आत, शंभर मैलांवर कसली आलीय भीती, असं सगळेच म्हणत होते. आणि वादळाचा पत्ता नाही तोच त्याच्या पुढे धावणारे हे ढग येऊन कोसळत होते. एक ओसरला की दुसरा. चार वाजत आले होते. केटुरा तीनला पोहोचायला हवी होती.

अर्लीथा जागची हलली नाही. नेम कशासाठी असतो? भीती वाटते तेव्हा धरून बसायलाच. ती मनातल्या मनात लेकीचं नाव घेत राहिली.

बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला. कोणीतरी मोठ्याने काही ओरडून गेलं. क्लिव्हन ओसरीवर गेला आणि भिजून परत आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"शेजारचा पर्व्हिस होता," तो म्हणाला. "खालच्या ओढ्याच्या पुलावर पाणी चढलंय. दोन्ही बाजूंचा रस्ता भराभर पाण्याखाली जातोय म्हणतो."

अर्लीथा त्याच्याकडे नुसती बघत राहिली.

"अगं, हायवे तुंबलाय. ती या पुलाच्या वाटेनेच येणार. तिला कळवायला नको? बोल काहीतरी!"

इतक्यात अंगणापलीकडे वीज पडली. खिडक्यांच्या काचा थरथरल्या. अर्लीथा उठली. पासष्ट वर्षांत कधी केलं नव्हतं ते तिने केलं. पिठाच्या डब्यामागून फोन काढला आणि भर गडगडाटात चालू केला. तो चालू व्हायला इतका वेळ लागला, की तिला तो भिंतीवर आपटावासा वाटला.

केटुराचा नंबर लागेना. फोन बंद होता.

"चार्जिंग संपलं असेल," क्लिव्हन म्हणाला. आपल्या म्हणण्यावर त्याचाच विश्वास नव्हता.

मग फोनने टुण् केलं. केटुराचा निरोप होता, पन्नास मिनिटांपूर्वीचा. अर्लीथाने तो मोठ्या आवाजात लावला.

"ममा, तुझा फोन बंद असणार हे मला ठाऊकच होतं." केटुरा हळू आवाजात बोलत होती. मागे पाऊस टपावर ताशा वाजवत होता. "तर, काळजी करू नकोस. मी वेडंवाकडं काही करत नाहीये. इथे अगदी डोक्यावर कडाडतंय, म्हणून गाडी बाजूला घेतलीय. पुलाच्या पलीकडेच, डॅडी मासे धरायला बसायचे ना, त्या खळग्यात. गाडी बंद केलीय, रेडिओ बंद केलाय. आता फोनही बंद करते. ढग सरला की निघालोच."

"खळग्यात," क्लिव्हन म्हणाला. ओढ्याकाठची ती जागा त्याच्या पायाखालची होती. "अर्ली, पर्व्हिसकडे होडी आहे. मी जातो." बूट न घालताच तो धावत सुटला. दार उघडंच राहिलं, पाऊस आत येऊ लागला.

अर्लीथाने दार लावलं नाही. पुन्हा नंबर लावावा, पोलिसांना कळवावं, नवऱ्यामागे धावावं, सगळं तिला एकदम सुचत होतं आणि हात चालत नव्हते. फोनमधला निरोप अजून संपला नव्हता.

"मम्मी," त्यात नाया म्हणाली. "मम्मी, बघ ना, ते पाणी इकडे—"

"शूऽ," केटुरा म्हणाली. "गडगडताना बोलायचं नाही. आजीने काय सांगितलंय?"

नाया लगेच गप्प झाली.