वीसपैकी शून्य

"सातही जणांना शून्य?" कमलिनी मॅडमनी ऋताच्या फाइलमधल्या एका रकान्यावर बोट ठेवलं.

"पहिली टेस्ट होती, मॅम. दे न्यू नथिंग," ऋता म्हणाली. "आणि शेवटची बघा ना. अठरा, सतरा, एकोणीस."

आलेख खरंच सुंदर होता. वीस रविवार, दर रविवारी दोन तास. शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात तिच्या बाबांचं एसी डक्टचं वर्कशॉप होतं. तिथल्या सात कामगारांना तिनं इंग्रजी शिकवलं होतं. शाळेच्या ऑनर सोसायटीसाठी, म्हणजे निवडक विद्यार्थ्यांच्या मंडळासाठी, लागणारे गुण तिला होते. सेवेचे चाळीस तासही भरले होते. सेवा गरज असलेल्यांचीच हवी, एवढं निवड समितीला पटायचं बाकी होतं. समिती परवा बसणार होती. सभासदत्व मिळालं, तरच शाळा तिचं नाव शिष्यवृत्तीसाठी पुढे पाठवणार होती. कमलिनी मॅडम समितीत होत्या आणि त्या गणित शिकवत.

"प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय होते?"

"हो."

"मग डोळे मिटून खुणा केल्या तरी विसांतले पाचेक बरोबर येतात. नुसत्या अंदाजानं शून्य पडणारे हजारात तीन. तुझ्याकडे सातांत सात." मॅडमनी चष्मा काढला. "सगळी उत्तरं चुकवायची तर ती आधी यावी लागतात, ऋता. तू आकडे बनवलेस असं मी म्हणत नाही. पण परवा मी हे विचारणार."

ऋताचा चेहरा लाल झाला. तिनं काहीच बनवलं नव्हतं. अल मजाजच्या घरी, जेवणाच्या टेबलावर बसून तिनंच ते पेपर तपासले होते.

शाळा सुटल्यावर ती बाबांबरोबर वर्कशॉपवर निघाली. गाडीत तिनं सगळं सांगितलं. तिचे बाबा, राजन, मोठ्यानं हसले.

"तुझ्या मॅडमना म्हणावं, माणसं माझी, गॅरंटी माझी. फॉर्मवर कंपनीचा शिक्का मारलाय ना? खलास!"

"बाबा, डिड यू टेल देम समथिंग?"

"मी काय सांगणार? पोरगी शिकवतेय, नीट शिका म्हटलं." त्यांचा फोन वाजला आणि बोलणं तिथेच राहिलं.

तुकाराम स्टोअरमध्ये पत्र्याच्या डक्टवर मार्करनं नंबर टाकत होता. तो तिचा सर्वांत चांगला विद्यार्थी. सहाव्या रविवारी त्यानं 'द बस इज लेट' हे वाक्य न अडखळता वाचलं, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. घरी जाताना ऋताच्या डोळ्यांत पाणी होतं.

तिनं फाइल त्याच्यापुढे धरली. मॅडमनी समासात इंग्रजीत चार ओळींचा शेरा लिहिला होता. तुकारामची नजर त्यावरून एकदाच फिरली. वर्गात वाचताना हलायचे तसे ओठ हलले नाहीत.

"चूक माझी, ताई," तो म्हणाला. "आमच्यातला झुबेर म्हणत होता, दोन-तीन तरी बरोबर करू. मीच नको म्हटलं. शून्यावरून चढलेलं चांगलं दिसेल असं वाटलं. गणित कच्चं आहे माझं."

"आणि इंग्लिश?"

त्यानं मार्करला टोपण लावलं. "जालन्याला नऊ वर्षं शिकवलं. आठवी ते दहावी. शाळा विनाअनुदानित. पगार होईना, म्हणून इकडे आलो."

"झुबेर?"

"बी.कॉम. बाकीचेही ड्रॉइंग वाचतात, मेल लिहितात. साहेबांनी निवडूनच घेतलं आम्हाला."

"का?"

"ज्यांना बोर्डसुद्धा वाचता येत नाही, असे आपले तेहतीस जण दुबईत मुहैस्नाहच्या लेबर कॅम्पवर राहतात. ते यायला तयार होते. साहेब म्हणाले, त्यांच्याच्यानं व्हायचं नाही, पोरीचा रिझल्ट बिघडेल."

ऋतानं फाइल मिटली. "तुम्ही सगळे मला हसत असाल."

"पहिले दोन रविवार हसलो," तुकाराम म्हणाला. "मग नाही. मग फक्त सुट्टी गेल्याचं वाटायचं. एकच वार मिळतो, ताई. घरी निवांत बोलायचं ते त्याच वेळेला."

"मग नाही म्हणायचं ना!"

"साहेबांना?"

दारातून राजन आत आले. "यल्ला, चल ऋतू! काय म्हणतोय तुझा हुशार विद्यार्थी?"

"तुम्ही मला फसवलंत, बाबा."

एरवी त्यांच्याशी इंग्रजीत बोलणारी ती मराठीत बोलली, म्हणून ते थबकले. मग तुकारामकडे एकदा पाहून म्हणाले, "फसवलं कसलं? काम असंच उतरवतात. पक्की माणसं लावायची. तू चाळीस तास खरेच शिकवलंस ना?"

शेजारच्या खोक्यावर बसून ऋतानं दप्तरातून समितीचा कोरा फॉर्म काढला.

"वेडेपणा करू नकोस," राजनचा आवाज उतरला. "परवा मीटिंग आहे तुझी. स्कॉलरशिप जाईल."

फॉर्मवर पहिला रकाना होता, सेवा देणाऱ्याचं नाव. ऋतानं तिथे तुकारामचं नाव लिहिलं. खाली झुबेरचं. मग उरलेली पाच. दोन नावांचं स्पेलिंग तिला येत नव्हतं, ते तुकारामनं हळू आवाजात सांगितलं. प्रत्येक नावापुढे तिनं चाळीस तास लिहिले.

ही सेवा कोणासाठी केली, असं पुढे विचारलं होतं. तिथे तिनं स्वतःचं नाव लिहिलं.