मधली पट्टी

बायको तीन हाका मारून थकली तरी किसनरावांना ऐकू येत नसे, पण त्या सुरभीच्या बँजोची तार जराशी झणझणली की त्यांचे कान टवकारत, याचा अनसूयाबाईला भारी राग. भजनी मंडळातल्या त्या भवानीसाठी जुन्या टेपमधली इक्वलायझरची चिप काढून आठ दिवस ते एक डबा जोडत बसले होते. एक पट्टी सरकवली की बँजोचा जाड सूर चढे, दुसरीनं बारीक. मधली तेवढी त्यांनी अर्धी खाली ओढून ठेवली.

"हे मधली काहून दाबली?" अनसूयाबाईनं जेवणाचं ताट आदळत विचारलं.

"तुहा आवाज त्याच पट्टीत येते. भजनात तिचा बँजो त्याले झाकून टाकते."

अनसूयाबाईनं पदर सावरला.

"मंग अर्ध्यावर काहून थांबले? पार खाली ओढा."